ताई म्हणजे ताई नव्हे

अमृतलाल नागर यांच्या 'बूँद और समुद्र' या हिंदी कादंबरीचा काही भाग मराठीत आणायला बसले आणि सुरुवातीलाच अडले. अडवणारा शब्द अवघड नव्हता. तो होता 'ताई'.

लखनौच्या चौक भागातल्या एका गल्लीत ही बाई एकटी राहते. सोवळेओवळे कडक, तोंड त्याहून कडक. शेजारीपाजारी, त्यांच्या सुना, त्यांची पोरे, कोणीही तिच्या शापातून सुटत नाही. कणकेचे पुतळे करून ती लोकांच्या दारात ठेवते आणि सकाळी दार उघडणाऱ्याची गाळण उडते. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. मराठी वाचकाच्या मनातली ताई मात्र थोरली बहीण असते. बोट धरून शाळेत नेणारी, आईच्या मारातून सोडवणारी. हिंदीतली ताई म्हणजे 'ताऊ'ची बायको, वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. लिपी एक, उच्चार जवळजवळ एक आणि नाते भलतेच. हिंदी-मराठीच्या शेजारात अनुवादक बेसावध राहतो तो असा. परक्या लिपीतला शब्द निदान परका दिसतो तरी.

तळटीप देऊन सुटता आले असते. पण ज्या पात्राच्या नुसत्या हाकेने गल्ली दचकते, तिच्या पहिल्या हाकेलाच तळटीप लावायची? मी पाने बाजूला ठेवली आणि नागरांचे बाकीचे लेखन, त्यांच्या आठवणी, त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले असे सगळे वाचू लागले. मागच्या हिवाळ्यात लखनौलाही जाऊन आले. शब्द काही तिथे मिळाला नाही. पण नागरांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, आणि त्यांच्या या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाकडे पाहण्याचीही. त्याविषयी लिहायचे आहे.

नागरांची एक ठरलेली प्रतिमा हिंदी वाङ्मयीन वर्तुळात फिरत असते. चौकातली जुनी हवेली, तिथली बैठक, तोंडात पान, संध्याकाळची भांग, भोवती माणसे, मोठ्याने हसणे, मनमुराद गप्पा. ही प्रतिमा खोटी नाही. भांगेची गोष्ट त्यांनी स्वतः कधी लपवली नाही; पानावर त्यांचे प्रेम होतेच. पुष्कळसे लेखन ते सांगत आणि दुसरा कोणी उतरवून घेई, हेही खरे. तरीही असे किस्से एकामागून एक वाचत गेले की लेखक एक सुखवस्तू लखनवी रसिक वाटू लागतो आणि त्याच्या कादंबऱ्या जणू त्या विड्यांच्या तबकातूनच आपोआप निघालेल्या.

चौकात चिकनकारीच्या कापडावर ठसे मारणारे कारागीर बसतात. लाकडी ठशाने आधी निळी नक्षी छापली जाते, त्या निळ्या रेघेवर टाका पडतो, आणि भरतकाम पुरे झाले की कापड धुऊन ती रेघ काढून टाकतात. उरतो तो पांढऱ्यावरचा पांढरा टाका. नागरांविषयीच्या किश्शांचे उलटे झाले आहे: निळी रेघ आपण जपून ठेवतो, टाका कुठे पडला ते पाहत नाही.

नागरांचा जन्म १९१६ चा, आग्र्याचा. घराणे गुजराती नागर ब्राह्मणांचे, म्हणजे अवधी आणि लखनवी उर्दू-हिंदी ही त्यांनी कानाने कमावलेली भाषा. विशी-बाविशीत त्यांनी लखनौत 'चकल्लस' नावाचे विनोदी साप्ताहिक चालवले, 'तस्लीम लखनवी' या नावाने गमतीदार लेखन केले. १९४० ते १९४७ ही वर्षे चित्रपटांत गेली. मुंबई, कोल्हापूर, मद्रास असा फिरता संसार. उदय शंकर यांच्या 'कल्पना'चे संवाद त्यांचे. डबिंग नवीन होते त्या काळात त्यांनी ते कामही केले. पडद्यावरचे ओठ एका भाषेत हलत आहेत आणि त्यांत दुसऱ्या भाषेचे शब्द बसवायचे आहेत, हे काम ज्याने केले त्याला शब्दाची लांबी, ओठ मिटणे, श्वास घेणे यांचा हिशेब आयुष्यभर पुरतो. पुढे १९५३ ते १९५६ ते लखनौ आकाशवाणीवर नाट्यनिर्माते होते. नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले, आणि त्याच सुमारास, १९५६ मध्ये, 'बूँद और समुद्र' आली.

हा क्रम मी मुद्दाम मांडला. बैठकीत रमलेला हा माणूस त्याआधी दहाएक वर्षे आवाजाच्या धंद्यात होता. ऐकणे हे त्याचे काम होते. पान लावता लावता, ठंडाई घोटता घोटता जे बोलणे कानावर पडे, ते त्याच्या दृष्टीने फावल्या वेळातले नव्हते. चौकातला वाणी कसा बोलतो, खत्री घरातली सासू कशी, नव्याने शिकलेली मुलगी कशी, मौलवी कसे, हे सगळे 'बूँद और समुद्र'मध्ये वेगवेगळे ऐकू येते. पात्राचे नाव झाकून नुसता संवाद वाचला तरी बोलणाऱ्याचे घर ओळखता येते. मराठीत असा कान म्हटला की मला व्यंकटेश माडगूळकर आठवतात. 'बनगरवाडी' १९५५ ची, आणि माडगूळकरही आकाशवाणीतलेच, पुणे केंद्रावरचे. दोघांत एक फरक मात्र आहे. माडगूळकरांचा माणदेश मागे राहिलेला आहे. त्या अंतरामुळेच त्यांचे वाक्य तासलेले, मोजके होते. नागर ज्या गल्लीविषयी लिहितात त्या गल्लीतच बसलेले आहेत. खिडकीखालून भांडण चालले आहे आणि आत कादंबरी. त्यांचे वाक्य मोजके होऊच शकत नाही.

आता कादंबरीच्या आतच या प्रश्नाचा निवाडा कसा होतो ते पाहण्यासारखे आहे, कारण 'बूँद और समुद्र' ही कलावंताच्या रोजच्या जगण्याविषयीचीच कादंबरी आहे. तिचा नायक सज्जन चित्रकार आहे. घरचा श्रीमंत. सामान्य माणसांचे जीवन जवळून पाहावे, त्यातून चित्रे काढावीत म्हणून तो चौकातल्या गल्लीत खोली घेतो. दुसरा महिपाल, लेखक; त्याच्यापाशी पैसा नाही, मोठा संसार आहे, नातेवाइकांच्या मागण्या आहेत. तिसरा मित्र कर्नल, दुकानदार, व्यवहारी आणि मनाचा मोठा. सज्जनला जगणे शोधत गल्लीत यावे लागते. महिपालला ते घरबसल्या इतके मिळते की त्याखाली तो चिरडून जातो आणि शेवटी आत्महत्या करतो. नागरांनी स्वतःचे दोन तुकडे करून दोन माणसांत वाटून दिले असावेत, असा माझा तर्क आहे. एकाला सवड दिली, दुसऱ्याला ओझे. दोन्ही एकत्र असलेला कलावंत या कादंबरीत कोणी नाही.

की आहे? सज्जन चित्रकार आहे हे कादंबरी पुनःपुन्हा सांगते, पण पुस्तक मिटल्यावर त्याचे एकही चित्र माझ्या डोळ्यांसमोर राहिले नाही. राहिला तो ताईचा कणकेचा पुतळा. कणीक मळणारी तिची बोटे, तिचा नेम, तिची एकाग्रता, कामाच्या वेळी कोणी मध्ये आले तर होणारा तिचा संताप. रोज त्याच जागी बसून, त्याच साहित्यातून, एका माणसाला उद्देशून काहीतरी घडवणारी, आणि त्या घडवलेल्या वस्तूत ताकद आहे यावर पूर्ण विश्वास असलेली अशी या कादंबरीत एकच व्यक्ती आहे. सज्जनचा आपल्या कलेवर इतका विश्वास नाही. तो चर्चा करतो.

हाताने काही घडवणाऱ्या माणसाचे काय होते हेही नागर ताईतूनच दाखवतात. तिच्या घरात मांजर विते. माणसाला शिवू न देणारी ही म्हातारी त्या पिलांच्या मागे वेडी होते. त्यांचे दूध, त्यांची ऊब, त्यांची काळजी यांत तिचा दिवस जातो. ज्या तारा नावाच्या गरोदर शेजारणीचे वाईट व्हावे म्हणून तिने पुतळा घातलेला असतो, तिच्याच बाळंतपणात ती धावून जाते. या बदलाला नागर कोणतेही भाषण जोडत नाहीत. ताई सुधारली असे म्हणत नाहीत; तिचे शाप पुढेही चालूच राहतात. तिचे हात मात्र दुसऱ्या कामाला लागले आहेत. ज्या हातांनी कणकेची मूर्ती केली त्यांनीच बाळ झेलले. मला ही कादंबरीतली सर्वांत भक्कम जागा वाटते, आणि ती लिहिणाऱ्याला गल्लीतल्या बाईचे हात रोज दिसत होते याविषयी मला शंका नाही.

सज्जनच्या खोलीची आणि ताईच्या घराची ही तुलना म्हणजे नागरांनी स्वतःवरच केलेली टीका आहे असे मी वाचते. लोकांचे जगणे 'गोळा करायला' येणाऱ्या कलावंताचा मोह त्यांना चांगला ठाऊक होता. तेही गोळा करणारेच होते. 'गदर के फूल'साठी ते अवधच्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले आणि १८५७ विषयी लोकांच्या तोंडी जे उरले होते ते टिपून घेतले; ते पुस्तक १९५७ चे. 'ये कोठेवालियाँ'साठी तवायफांशी बोलले. १९७८ च्या 'नाच्यौ बहुत गोपाल'मध्ये मेहतर समाजात गेलेल्या ब्राह्मण बाईची कथा आहे, आणि तिथे तर मुलाखत घेणारा लेखकच पात्र होऊन समोर बसतो. विचारणारा आणि सांगणारा यांच्यातली अडचण त्यांनी लपवली नाही.

या फिरण्यामागे एक मराठी धागाही आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' नागरांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत नेला. मामा वरेरकरांचे 'सारस्वत'ही त्यांनी हिंदीत आणले. गोडसे भटजींची मूळ प्रत द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये छापली. नागरांचा अनुवाद त्याच्या आधीचा, म्हणजे त्यांच्यासमोर चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये काढलेली संस्कारित आवृत्ती होती. तरीही भटजींचा स्वभाव त्या आवृत्तीतून सुटलेला नाही. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा कोकणातला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडतो, आणि राज्ये बुडत असताना त्याला जेवणाची, पाण्याची, स्नानाची, सोवळ्याची काळजी असते. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी परततो. इतिहासाच्या पुस्तकातून गळून जाईल असे सारे तो सांगतो. पुढे 'गदर के फूल'मध्ये नागर ज्या प्रकारचे लहानसहान तपशील वेचताना दिसतात ते पाहता, या भटजीच्या सोबतीत काढलेले दिवस त्यांना उपयोगी पडले असावेत असे मला वाटते. अनुवादकाला मूळ लेखकाची नजर काही दिवस उसनी वापरायला मिळते. परत करताना थोडी राहून जाते.

आता तक्रारी. 'बूँद और समुद्र' लांब आहे, आणि तिची लांबी सगळीच कमावलेली नाही. सज्जन, महिपाल आणि कर्नल एकत्र आले की पानेच्या पाने चर्चा चालते: व्यक्ती आणि समाज, स्त्री आणि विवाह, धर्म, राजकारण. बाबा रामजी नावाचे साधुपुरुष आले की प्रश्नांना उत्तरे मिळू लागतात आणि गल्ली मागे पडते. ज्या बैठकीने ताईला तिचा आवाज दिला त्याच बैठकीने हा पसाराही आत आणला. बैठकीत कोणी कोणाला गप्प बसवत नाही, हा तिचा गुण. कादंबरीकाराला कधीकधी गप्प बसवावे लागते.

दुसरी तक्रार जरा खोलवरची आहे. बैठक चालायची तर आत कोणीतरी चूल पेटती ठेवावी लागते. नागरांच्या बाबतीत ते घर त्यांच्या पत्नी प्रतिभा यांनी सांभाळले. किश्शांमध्ये त्यांचे नाव ओझरते येते. कादंबरीत महिपालची बायको कल्याणी आहे. ती आपल्याला बहुतेक वेळा महिपालच्या वैतागातून दिसते, जुन्या वळणाची, नवऱ्याच्या लेखनाची किंमत न कळणारी. लेखकाचे घर कसे चालते हे तिला विचारले असते तर कादंबरीत आणखी एक आवाज आला असता. गल्लीतल्या प्रत्येक बाईचे बोलणे अचूक टिपणाऱ्या कानाला घरातल्या बाईचे बोलणे जरा दुरून ऐकू येते. ही नागरांची एकट्याची उणीव नव्हे. कलावंताच्या छोट्या छोट्या सुखांविषयी लिहिताना आपणही पानदान पाहतो, ते घासून ठेवणारा हात पाहत नाही.

लखनौत मी सकाळीच चौकात गेले होते. गोल दरवाजापाशी मक्खन मलाई विकणारे बसले होते. केशराचा पिवळा रंग असलेला तो दुधाचा फेस फक्त थंडीत मिळतो आणि ऊन चढले की बसतो. द्रोण हातात घेऊन गल्लीत शिरले. वर सज्जांतून बायका एकमेकींशी बोलत होत्या, खाली स्कूटरवाला कोणावर तरी ओरडत होता. वही काढून उभी राहिले असते तर मीही सज्जनच झाले असते. द्रोण संपवला आणि निघाले.

शब्द मिळाला तो घरी. मटार सोलत बसलो होतो आणि आईला मी या कादंबरीची गोष्ट सांगत होते. ताई एकटी का राहते, तर तिच्या नवऱ्याने, राजाबहादूर द्वारकादासांनी, दुसरे लग्न केले आणि हिला टाकले. तो त्याच शहरात थाटात राहतो, ही गल्लीत. आई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे थोरली होय ही."

मी शेंग खाली ठेवली. सवत आलेल्या घरात पहिली ती थोरली आणि दुसरी ती धाकटी, हे शब्द आपल्याकडे आजीच्या पिढीपर्यंत सहज बोलण्यात होते. आणि चुलत्यांत वडील त्याची बायको ती थोरली काकू. आपली ताई रक्ताने ताई असते, तिला कोणाच्या नवऱ्याचा आधार लागत नाही. हिंदीतली ताई मात्र ताऊमुळे ताई होते. ज्या नवऱ्याने तिला टाकले त्याच्या नात्यानेच सगळी गल्ली तिला रोज हाक मारते, आणि शाप देताना ती ज्यावर चवताळते त्यात हेही असणार, हे मूळ वाचताना माझ्या लक्षात आले नव्हते. मराठी शब्द शोधताना आले.

पहिल्या प्रकरणाचा मसुदा आता पुन्हा काढला आहे. गल्लीतली पोरे तिला लांबून चिडवतात, सुना दाराआड होतात, आणि सगळे तिला थोरली काकू म्हणतात. हाक थोडी लांबली आहे. डबिंगच्या हिशेबाने ओठ जरा जास्त वेळ हलतील. तेवढे चालेल.